भुजलीच्या शब्दावर बंद ठेवलेले कूलर

माझ्या भुजलीनं मला फसवलं, आणि माझं तोंड वापरून आमच्या टोलीवरच्या, म्हणजे वस्तीतल्या, अठरा घरांना फसवलं. हे आधीच सांगून टाकते. पुढे वाचताना कुणाला वाटायला नको की शेवटी काहीतरी गैरसमज निघेल आणि दोन बाया गळ्यात गळा घालून रडतील. गैरसमज नाही. कागद आहे, कागदावर सही आहे, आणि सही कुणाची ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी व्यापार करते. मोहफूल, हिरडा, चिंच, चारोळी. लग्न होऊन गेले होते, चार वर्षांत परत आले. का आले ते विचारू नका. परत आले तेव्हा आईची पडवी आणि दोन लुगडी एवढंच होतं. त्या काळी टोलीवरच्या बाया जंगलातून आणलेला माल कुरखेड्याच्या बाजारात नेत आणि व्यापारी म्हणेल ते वजन मान्य करून परत येत. मी पहिल्याच वर्षी स्वतःचा तराजू घेतला. एकदा एका व्यापाऱ्यानं माझ्या देखत पारड्याखाली बोट लावलं, तेव्हा मी त्याचंच अर्ध्या किलोचं वजन उचलून त्याच्या सायकलच्या दिव्यावर हाणलं. दिवा फुटला. त्यानंतर त्याचं बोट कधी पारड्याखाली गेलं नाही. आजही बाजारात मी दिसले की दोन-तीन जण तराजू पुसायला घेतात. लोक म्हणतात, ही बाई सरणाचं लाकूडही भाव केल्याशिवाय घेणार नाही. म्हणोत. खरंच आहे ते.

एवढं असून मी आयुष्यात एकदाच, एकाच माणसाशी, भाव केला नाही, कागद मागितला नाही, दुसऱ्यांदा विचारलं नाही. कारण भुजलीशी असं वागत नसतात.

आमच्या भागात श्रावणात मुली टोपलीत गहू पेरतात. टोपली अंधारात ठेवतात, त्यामुळे अंकुर हिरवे न होता पिवळे, लांब, मऊ होतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी त्या टोपल्या वाजतगाजत तलावावर नेऊन पाण्यात शिरवतात. त्यातले थोडे अंकुर मागे ठेवून जिच्या कानावर खोचले, ती आपली भुजली. त्या दिवसापासून तिचं नाव तोंडातून काढायचं नाही. तिनंही आपलं काढायचं नाही. हाक मारायची ती ‘भुजली’ म्हणूनच. बहिणीशी भांडता येतं, भुजलीशी नाही. बहीण आईबापानं दिलेली असते, भुजली आपण केलेली असते.

ती गावातल्या मोठ्या घरची, धानाच्या कोठ्या असलेल्या घरची. मी बौद्ध टोलीवरची. आमच्या घरात टोपल्या पेरायची रीत नव्हती, भिंतीवर दोनच फोटो होते आणि आईला तेवढे पुरेसे होते. त्या वर्षी ही पोर तलावावरून ओल्या परकरानं सरळ आमच्या दारात आली आणि माझ्या कानावर अंकुर खोचून उभी राहिली. तिच्या घरचे लोक आमच्या विहिरीचं पाणी पीत नव्हते, आणि ती आमच्या पडवीत उभी. आई म्हणाली, “आपण हे सोडलं ना सारं? मंग काऊन?” बाबा खाटेवर बसून बिडी ओढत होते. म्हणाले, “हे देवाचं नाई. पोट्टीनं पोट्टीले देल्लं. राहू दे.” मग तिनं आमच्या घरचं पाणी मागितलं आणि लोटाभर पिऊन दाखवलं. वय असेल आठ-नऊ वर्षांचं. त्या एका लोट्यावर मी पुढची चाळीस वर्षं तिच्यावर विश्वास ठेवला. व्यवहार म्हणून पाहिला तर मला फार महाग पडला.

तिचं लग्न गावातच झालं, आणखी मोठ्या घरात. मी परत आले तेव्हा दार उघडून पहिला चहा पाजणारी तीच. पुढे वीज ग्राहकांची सहकारी संस्था निघाली. तालुक्याच्या ठिकाणी तिचं ऑफिस. घरोघरी कमी वीज खाणारे पंखे आणि दिवे द्यायचे, छपरावर सौर पॅनेल बसवून द्यायचं, असं तिचं काम. महिलांसाठी संचालकाच्या तीन जागा होत्या, त्यातल्या एका जागेवर माझी भुजली बसली. तिच्या प्रचाराला मी पायात चप्पल न घालता फिरले होते. चप्पल तुटली होती आणि शिवायला वेळ नव्हता, एवढंच, पण फिरले.

धान घरात आल्यावर, थंडीच्या दिवसांत ती माझ्याकडे आली. बरोबर चंद्रपूरहून आलेली एक इंजिनिअर बाई होती, हातात वही आणि मोबाइल. इंजिनिअर बाई टोलीभर फिरून छपरं पाहत होती. आमच्या टोलीवर सगळी घरं कवेलूची, म्हणजे कौलांची. मातीच्या भिंती, बांबू-लाकडाचा सांगाडा, वर कवेलू. भुजली माझ्या पडवीत बसली आणि म्हणाली, “भुजली, यंदा तुह्या टोलीचं काम करून टाकतो.”

“कोनतं काम?”

“सोलर. घरावर पाट्या. लाइन गेली का जावो, तुह्या घरी दिवा जळनच.”

आमच्याकडे पावसाळ्यात एखादं झाड तारेवर पडलं की चार-चार दिवस वीज येत नाही. ती जे देऊ म्हणत होती त्याची किंमत मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“पन एक आहे,” ती म्हणाली. “संस्थेले वर दाखवावं लागते का आमचे लोक वीज वाचवतात. ज्या वस्तीचा वापर होळीपासून मिरगापावतर सगळ्यात जास्त उतरन, त्या वस्तीले पयलं सोलर. पंखे, दिवे आमी बदलून देतो. बाकी कूलर न् फालतू मोटारी बंद ठेवा लागतीन.”

“उन्हाळ्यात कूलर बंद?”

“एका उन्हाळ्याचा तं प्रश्न आहे. मंग जन्मभर आराम. तू बाया गोळा कर, पयला नंबर तुह्या टोलीचा. माहा शबूद.”

दुसरा कुणी असता तर मी दहा प्रश्न विचारले असते. कवेलूच्या घरावर ते पॅनेल कसं उभं राहणार, हा पहिला. आमच्याकडे दरवर्षी पावसाच्या आधी छपरावर चढून कवेलू फेरावे लागतात. वर्षभरात वानरं नाचून कवेलू सरकवतात, फोडतात. एकेक कवेलू उचलायचा, फुटका टाकायचा, चांगला नीट लावायचा. छपरावर लोखंडी फ्रेम बसली तर फेरणार कसं? लहान पोरालाही सुचेल असा प्रश्न. मला सुचलाही होता. जिभेपर्यंत आला होता. पण समोर भुजली बसली होती आणि तिनं शब्द दिला होता. मी चहा टाकला.

इंजिनिअर बाई आली, वहीत काही लिहिलं, चहा प्यायली, गेली. तिलाही मी काही विचारलं नाही. बाजारात पावशेर चारोळी हातात घेऊन वास घेणारी, दाताखाली फोडून पाहणारी मी.

टोलीवर कूलर होते सहा. बाकीच्यांकडे पंखे. पण पाण्याच्या मोटारी, दोन फ्रीज, एक इलेक्ट्रिक शेगडी हे सगळं होतं. मी घरोघरी गेले. लोकांनी ऐकलं, कारण मी कधी कुणाचं वजन कमी केलं नाही. सगळ्यात कठीण होती मोठीमाय. माझ्या आईच्या थोरल्या बहिणीसारखी म्हणून मोठीमाय, नात्यानं शेजारीण. तिच्या मुलानं, जो बाहेरगावी कामाला असतो, मागच्याच वर्षी तिला कूलर आणून दिला होता. संपूर्ण आयुष्य उन्हात गेलेल्या बाईला सत्तरीत पहिल्यांदा गार वारा मिळाला होता.

“तू मले इकून राह्यली का वं?” ती म्हणाली.

“इकत नाई, मोठीमाय. पयल्या नंबरचं सोलर घेऊन देतो तुले.”

“पयल्या नंबरचं घेऊन काय करू? मी का पोलिस पाटील आहे?”

“मंग कूलर सोलरवर चालन. दिवसभर. कुनाच्या बापाचं काई नाई.”

“कोन सांगते?”

“माही भुजली सांगते.”

मोठीमाय उठली, खुंटीवरचं जुनं लुगडं घेतलं आणि कूलरवर झाकलं. वर म्हणाली, “भुजली तुही हाय, माही नाई. मी तुह्या तोंडावर बंद करून राह्यली, तिच्या नाई. ध्यानात ठेव.”

मी हसले होते. ध्यानात आता ठेवते.

संस्थेनं पंखे आणि दिवे बदलून दिले. पंखे चांगले निघाले, हे मी नाकारणार नाही. आवाज नाही, वारा जास्त. माझ्या घरात तोच पंखा आजही फिरतो आहे, आणि त्याच्याकडे पाहिलं की माझं डोकं तापतं.

चंद्रपूरचं ऊन पेपरात येतं. आमचं येत नाही. जंगल आहे म्हणजे गार असेल असं लोकांना वाटतं. वैशाखात आमची पानगळ झालेली असते आणि जंगल म्हणजे नुसते खांब. पहाटे चारला उठून मोहफूल वेचायचं, आठच्या आत परत यायचं, अकरानंतर दाराबाहेर पाय टाकायचा नाही. त्या वेळी पंखा फिरवला तर तो छपराखालची हवा खाली आणून तोंडावर मारतो. भट्टीसमोर कुणी सूप हलवावं तसं. त्या उन्हाळ्यात दुपारी आम्ही बाया भिंतीला ओली गोणपाटं लावून जमिनीवर पडून राहायचो. पोरांना चिंचेखाली पाण्याच्या टाक्यात बसवायचो. टोलीवर त्या दोन महिन्यांत एक खेळच झाला होता. संध्याकाळी कुणी विचारायचं, “काय वं, आज कोन कोन वितळलं?” आणि दुसरी सांगायची, “माहा बुढा अर्धा उरला हाय.” मीटर वाचायला येणारा माणूस म्हणाला, या टोलीचे आकडे पाहून त्याला वाटलं मीटरच बिघडले. आम्ही त्याला पाणी पाजलं, गूळ दिला. परीक्षेत पास झाल्यासारखं वाटत होतं.

गावाकडच्या गल्लीत, भुजलीच्या गल्लीत, कूलर चालू होते. जाता-येता ऐकू यायचे. मी भुजलीला विचारलं तर ती म्हणाली, “थे लोक ऐकत नाई ना वं. म्हनून तं तुमचा नंबर.” मला ते पटलं. पटलं काय, आनंद झाला. स्पर्धेत दुसरा पळतच नाही म्हटल्यावर आनंदच होणार.

मे महिन्यात एक दिवस मोठीमायच्या दारावर मी तीनदा हाक मारली आणि आतून आवाज आला नाही. दार लोटलं तर ती कूलरच्या समोर जमिनीवर पडलेली. कूलरवर लुगडं तसंच. अंग इतकं तापलेलं की हात ठेवला तर मागे घ्यावा लागला. तोंड वाकडं, बोलणं जड. ग्रामीण रुग्णालयात दोन सलाईन लागल्या तेव्हा तिनं डोळे उघडले. मी ओरडले तिच्यावर. रुग्णालयात सगळ्यांसमोर ओरडले, “एक घंटा चालू केला असता तं मेली असती का?” ती म्हणाली, “माह्याच्यानं टोलीचा नंबर गेला असता, मंग तू मले मारलं असतं.”

त्या दिवसापासून ती भिंत धरून चालते.

एवढ्यावरही मी भुजलीला काही बोलले नाही. उलट ती रुग्णालयात मोसंबी घेऊन आली तेव्हा मला भरून आलं. तिथंच, मोठीमायच्या खाटेशी उभी राहून ती म्हणाली, “आता छप्पर फेरू नका बरं का. फ्रेम बसली का सारंच नवं करा लागन. फुकट मेहनत कायले?” मी टोलीवर जाऊन ते सांगितलं. लोकांनी तेही ऐकलं. अठरा घरांपैकी एकाही घरानं त्या वर्षी कवेलू फेरले नाहीत. कवेलूच्या घरात राहणारा माणूस जन्मात करणार नाही अशी ही चूक आम्ही अठरा घरांनी मिळून केली.

मृग आला, आर्द्रा आली, फ्रेम आली नाही. घरं गळायला लागली. पहिल्या आठवड्यात भांडी लावली, दुसऱ्या आठवड्यात भांडी कमी पडली. कुठल्या घरात बियाण्याचं धान भिजलं, कुठं भिंतीची माती सुटली. ओल्या छपरावर चढून कवेलू फेरता येत नाहीत. सांगाडा भिजला की पाय ठेवताच मोडतो. वरून ताडपत्री टाकण्यापलीकडे काही करता येईना. मी भुजलीला फोन केला की ती म्हणायची, “गाडी निघाली हाय, सामान निघालं हाय.” सामान खरंच निघालं होतं. आषाढ संपता संपता एक ट्रक गावात आला. माझ्या दारासमोरूनच गेला. मी हात केला, टोलीकडे वळायचा रस्ता दाखवला, ड्रायव्हरनं मान हलवली आणि सरळ गेला. सरळ म्हणजे मोठ्या गल्लीत.

मी मागोमाग गेले. पावसात. भुजलीच्या स्लॅबवर माणसं फ्रेम चढवत होती आणि खाली तीच इंजिनिअर बाई छत्री घेऊन उभी. मी म्हणाले, “मॅडम, चुकून इकडं आलं. आमची टोली तिकडं आहे. पहिला नंबर आमचा.”

तिनं मला ओळखलं. म्हणाली, “तुमच्याकडे नाही बसणार, ताई. कवेलूवर बसत नाही. सांगाड्याला भार झेपत नाही.”

“मग अंगणात खांबावर बसवा.”

“या योजनेत ते नाही. फक्त स्लॅब. हे मी थंडीतच लिहून दिलं होतं, सर्वे केला त्याच दिवशी.”

“कुणाला लिहून दिलं?”

ती जरा गोंधळली. तिला वाटलं असेल, हिला माहीत असेलच. तिनं फायलीतून कागद काढला. आमच्या टोलीचं नाव, अठरा घरं, पुढे प्रत्येक घरापुढे एकच शब्द: अपात्र. तारीख ती माझ्या घरी चहा प्यायली होती त्या दिवसाची. खाली ‘वाचून पाहिले’ असं लिहून सही. ती सही मी शाळेच्या पाटीपासून ओळखते. शेवटचं अक्षर ती अजूनही उलटं वळवते.

“मग आम्ही वीज कशासाठी वाचवली?” मी विचारलं.

“संस्थेची एकूण बचत दाखवावी लागते ना, ताई. ती दाखवली म्हणूनच हे सामान मंजूर झालं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात काही लबाडी नव्हती. “तुमच्या वस्तीमुळेच झालं खरं तर.”

वर स्लॅबवर कुणीतरी ड्रिल मशीन चालू केलं.

मी जिना चढून घरात गेले. भुजली स्वयंपाकघरात फिटिंगवाल्यांसाठी पोहे करत होती. मला पाहिलं आणि तिला कळलं. चाळीस वर्षांत एकमेकींचे चेहरे पाठ होतात.

“बस, पोहे खा,” ती म्हणाली.

“तुले मालूम होतं.”

“भुजली, ऐक तं. मले वाटलं होतं का वरतून कवेलूची मंजुरी येईन. साहेब म्हनत होते येईन—”

“मंग छप्पर काऊन फेरू नको म्हनलं?”

झारा कढईत फिरत राहिला.

“मोठीमायच्या खाटेशी उभं राहून म्हनलं. काऊन?”

“फेरायला लागले असते तं लोकाईनं विचारलं असतं ना, का कवेलूवर फ्रेम कशी बसन,” ती म्हणाली. अगदी हळू. “मंग त्याईनं कूलर चालू केले असते. मिरगाले आठ दिवस बाकी होते.”

आठ दिवस. मी तिच्या हातातला झारा घेतला. मारायला घेतला की काय मलाच ठाऊक नाही. मग तो परत कढईत टाकला आणि आले. इतर कुणी असतं तर त्या घरातली एक काच शिल्लक राहिली नसती. तिच्या घरात माझा हात उठला नाही, याचीही मला चीड आहे.

राखीच्या दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे तिच्या घरून पिवळे अंकुर आले. मी ते ओट्यावर ठेवले. शेजारची शेळी आली आणि तिनं खाऊन टाकले. मी हाकललं नाही.

सप्टेंबरात संस्थेची आमसभा झाली. तालुक्याच्या मंगल कार्यालयात, स्टेजवर सतरंजी, टेबल, पाण्याच्या बाटल्या. वीज बचतीत आपली संस्था कशी पुढे आहे, हे अध्यक्षांनी सांगितलं. टाळ्या झाल्या. मी टोलीवरच्या बायांना चला म्हटलं होतं. कुणी आल्या नाहीत. एकीनं तोंडावर सांगितलं, “आमाले तू सांगतलं. तिनं नाई. आमचं भांडन तिच्याशी कुठी हाय?” एकटी मोठीमाय आली, माझा दंड धरून, आणि मागच्या खुर्चीवर बसली.

सभासदांचे प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. सगळं सांगितलं. सर्वे, अपात्र, सही, कूलर, छप्पर. कागद मात्र इंजिनिअर बाईच्या फायलीत राहिला होता. मला बोलता येतं. बाजारात तीस वर्षं बोलते आहे. सचिव लिहून घेत होते. त्यांनी पेन थांबवलं आणि विचारलं, “कोणत्या संचालिकेनं सांगितलं? तीन महिला संचालिका आहेत. नाव घ्या.”

भुजलीचं नाव तोंडातून काढायचं नसतं.

तिघी स्टेजवर बसल्या होत्या. भुजली मधली. मी तिच्याकडे पाहिलं. ती पदराचा काठ बोटावर गुंडाळत होती.

“नाव घ्या, बाई.”

मी बोट दाखवलं. सचिव म्हणाले, “बोट दाखवलेलं इतिवृत्तात लिहिता येत नाही.”

मागून कुणीतरी ओरडलं, “नवऱ्याचं नाव असल्यासारखी लाजून राह्यली!” आणि सगळं सभागृह हसलं. आमच्या गावचे निम्मे लोक तिथं होते. त्यांना सगळ्यांना माहीत होतं मी का गप्प आहे. त्यांच्या बायकांच्या, आयांच्या भुजल्या आहेत. त्यांच्यातला एकही उठून म्हणाला नाही की ही हिची भुजली आहे, नाव आम्ही सांगतो.

मला ते नाव घेता आलं असतं. तीन अक्षरं आहेत. कुठला देव कोपला नसता. देव आमच्या घरात नव्हताच कधी. बाबा म्हणाले होते ते माणसाचं आहे. तेच तर अडलं. मी ते नाव घेतलं असतं तर आमच्या पडवीत पाणी पिणारी ती पोरगीही खोटी ठरली असती, आणि तेवढं खोटं मला त्या सभागृहात पचलं नसतं. ती स्टेजवर बसून हे सगळं ओळखत होती. मी नाव घेणार नाही, याची तिला खात्री होती. त्या खात्रीवर ती पदर गुंडाळत बसली होती. योजनेतली फसवणूक मी कदाचित दहा वर्षांनी विसरेन. हे नाही.

इतिवृत्तात लिहिलं गेलं: तक्रार मोघम स्वरूपाची असल्यानं पुढील विषय घेण्यात आला.

यंदा मोहफुलाच्या हंगामात टोलीवरच्या बायांनी टोपल्या माझ्या दारात उतरवल्या नाहीत. माझ्या दारासमोरून, मान खाली घालून, बाहेरून येणाऱ्या टेम्पोकडे नेल्या. तिथं वजन कमी लागतं हे त्यांना माहीत आहे. तरी नेल्या. मोठीमायला मी विचारलं तर ती म्हणाली, “तुह्या तराजूवर इस्वास आहे वं. तोंडावर नाई.” ती अजून भिंत धरूनच चालते. तिच्या कूलरवर लुगडं तसंच आहे. काढू म्हटलं तर काढू देत नाही. माझे कवेलू मी स्वतः फेरले, तिचे मजूर लावून फेरून दिले, आणि बाकीच्या सोळा घरांनी माझी मदत घेतली नाही.

मोठ्या गल्लीत पॅनेलं चमकतात. तलावाच्या पाळीवरून दिसतात. त्याखाली कूलर चालतात, दिवसभर, कुणाच्या बापाचं काही न जाता. मी मोठीमायला दिलेला शब्द तिथं खरा झाला आहे.

भुजली, हे छापून येईल तेव्हा तू वाचशील, किंवा कुणीतरी तुला वाचून दाखवेल. इतकं लिहून मी अजूनही तुझं नाव घेतलेलं नाही आणि घेणार नाही. माझी बाजू मी पाळली. आता तू उठ. पुढच्या आमसभेपर्यंत थांबायचं नाही. भर दुपारी ये, पायी ये, तुझ्या गल्लीतून आमच्या टोलीपर्यंत. मोठीमायच्या घरात, त्या झाकलेल्या कूलरसमोर जमिनीवर बस. अठरा घरांच्या बाया मी बोलावते. तेवढ्यासाठी त्या माझं ऐकतील. त्यांच्यासमोर तुझं नाव तू तुझ्या तोंडानं सांग, आणि त्या कागदावरची सही कुणाची तेही सांग. त्या आठ दिवसांचं काय करायचं ते मग मोठीमाय तुला विचारेल. तिला उत्तर दे.